सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून हार्ट अटॅकचं मूळ शोधलं, पण जगाने अनेक वर्षं मनावरच घेतलं नाही. कोण होते अनिचकोव्ह?

लिपिड प्रोफाईलचा रिपोर्ट हातात आला की आपण सगळ्यात आधी काय बघतो? एलडीएलच्या समोरचा आकडा. तो ठळक अक्षरात छापलेला असला की घरात लगेच फर्मान निघतं. तूप बंद, अंड्यातलं पिवळं बंद, वडापावचं तर नावच काढायचं नाही. कोलेस्टेरॉल वाढलं की हृदयाला धोका, हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं.

पण हे पहिल्यांदा सिद्ध कोणी केलं, असं विचारलं तर भले भले गप्प बसतात. त्या माणसाचं नाव निकोलाय निकोलायेविच अनिचकोव्ह. रशियन डॉक्टर. १९१३ मध्ये, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी प्रयोग करून, चित्रांसकट सगळं छापून टाकलं होतं. त्यावरचा वाद मिटायला मात्र जवळपास ८० वर्षं लागली.

आता एवढा वेळ का लागला, हीच खरी गोष्ट आहे. पण त्याआधी कोलेस्टेरॉल म्हणजे नेमकं काय ते थोडक्यात बघू, कारण त्याची बदनामी जरा जास्तच झालीये.

विष नाही, गरजेची वस्तू

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा, स्निग्ध पदार्थ. अठराव्या शतकात तो पहिल्यांदा सापडला तो पित्ताशयातल्या खड्यांमध्ये. पुढे १८१५ च्या आसपास शेवरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ग्रीक भाषेतले पित्त आणि घट्ट असे दोन शब्द जोडून त्याचं बारसं केलं.

आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीला एक आवरण असतं. ते फार पातळही होऊ नये आणि फार कडकही होऊ नये, हे काम कोलेस्टेरॉल करतं. टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन, कॉर्टिसोल ही संप्रेरकं कोलेस्टेरॉलपासूनच बनतात. ऊन अंगावर पडल्यावर कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, त्याचा कच्चा माल याच कुटुंबातला. जेवणातली चरबी पचवणारी पित्ताम्लंही यापासूनच. शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी साधारण पाचवा हिस्सा तर एकट्या मेंदूत असतो.

म्हणजे आपण एक कणही खाल्लं नाही तरी शरीर स्वतः ते बनवतं. यकृताचा त्यात मोठा वाटा. अडचण एकच आहे. तेलकट पदार्थ पाण्यात विरघळत नाही, तसं कोलेस्टेरॉल रक्तात विरघळत नाही. त्यामुळे ते प्रथिनांच्या वेष्टनात भरून रक्तातून पाठवावं लागतं. एलडीएल हा असाच एक माल पोचवणारा टेम्पो. असे टेम्पो जास्त झाले आणि वर्षानुवर्षं रस्त्यावरच फिरत राहिले की त्यातला माल धमन्यांच्या भिंतीत सांडायला लागतो.

हे टेम्पो असतात हे अनिचकोव्ह यांना माहीत नव्हतं. त्यांनी फक्त सांडलेला माल पाहिला होता.

बड्या घरचा मुलगा

अनिचकोव्ह यांचा जन्म ३ नोव्हेंबर १८८५ चा, सेंट पीटर्सबर्गचा. रशियात झारचं राज्य होतं. वडील झारच्या सरकारात शिक्षण खात्याचे उपमंत्री झाले, आई धर्मगुरूच्या घरातली. अशा घरातल्या मुलाने कुठल्याही सरकारी हुद्द्यावर जाऊन निवांत आयुष्य काढलं असतं. पण हा मुलगा १९०३ मध्ये शहरातल्या लष्करी वैद्यकीय अकादमीत दाखल झाला आणि सूक्ष्मदर्शकात अडकला तो कायमचाच. त्याला शिकवणाऱ्यांमध्ये अलेक्सांद्र माक्सिमोव्ह होते. ऊती आणि रक्तपेशींच्या अभ्यासात त्या काळातलं हे फार मोठं नाव.

१९०९ मध्ये डॉक्टर झाल्यावर अनिचकोव्ह यांनी हृदयाच्या स्नायूला सूज आल्यावर तिथे काय बदल होतात यावर डॉक्टरेट केली. त्यात त्यांना एक वेगळीच पेशी दिसली. तिचं केंद्रक उभं कापलं गेलं तर सुरवंटासारखं दिसतं. आजही पॅथॉलॉजीच्या पुस्तकात रुमॅटिक तापाने हृदय खराब होतं त्या धड्यात ही पेशी अनिचकोव्ह यांच्याच नावाने येते. आपल्याकडचे एमबीबीएसचे विद्यार्थीही ती पाठ करतात. पण बऱ्याच जणांसाठी अनिचकोव्ह त्या सुरवंटापुरतेच उरले.

दूध, अंडी आणि एक चुकीचा अंदाज

त्या काळात धमन्या कडक होणं, त्यांच्यात चरबीचे थर साचणं हे म्हातारपणाचं लक्षण मानलं जायचं. केस पिकतात, दात पडतात, तशा धमन्या कडक होतात. त्यावर इलाज शोधायचा असतो, असं फारसं कोणाच्या डोक्यातच नव्हतं.

त्याच सुमारास नोबेल विजेते रशियन शास्त्रज्ञ मेचनिकोव्ह यांचं एक मत चर्चेत होतं. प्राण्यांपासून मिळणारी प्रथिनं जास्त खाल्ली की माणूस लवकर म्हातारा होतो, असं ते मत. ते तपासायला इग्नातोव्स्की नावाच्या डॉक्टरने याच लष्करी अकादमीत १९०८ च्या सुमारास सशांना मांस, अंडी आणि दूध खाऊ घातलं. सशांच्या महाधमनीत खरोखरच माणसासारखे थर दिसले. इग्नातोव्स्की यांनी निष्कर्ष काढला, दोष प्रथिनांचा.

पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथल्याच इतर डॉक्टरांनी एकेक पदार्थ वेगळा करून पाहिला. नुसतं मांस दिलं, काही झालं नाही. अंड्यातलं पांढरं दिलं, काही नाही. अंड्यातलं पिवळं दिलं आणि थर परत आले. प्रथिनं तर पांढऱ्यातही होती, मग गुन्हेगार प्रथिनं कशी? पिवळ्यात असं काहीतरी होतं जे पांढऱ्यात नव्हतं.

अनिचकोव्ह आणि त्यांचा विद्यार्थी सेम्योन खलातोव्ह यांनी इथून पुढचं पाऊल उचललं. अंडं वगैरे सगळं बाजूला ठेवलं. शुद्ध कोलेस्टेरॉल घेतलं, सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलं आणि ते सशांना रोज पाजलं. दुसऱ्या काही सशांना नुसतं सूर्यफुलाचं तेल दिलं.

काही आठवड्यांनी आणि महिन्यांनी सशांच्या धमन्या उघडून पाहिल्या. नुसतं तेल प्यायलेल्यांच्या धमन्या स्वच्छ. कोलेस्टेरॉल घेतलेल्यांच्या महाधमनीत पिवळट पट्टे आणि उंचवटे. बाकी सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलायची, हे प्रयोगाचं मूळ तत्त्व. ते इथे इतक्या साधेपणाने वापरलंय की त्यासमोर आजचे कित्येक व्हायरल आरोग्य सल्ले हास्यास्पद वाटतात.

अनिचकोव्ह तिथेच थांबले नाहीत. त्यांनी त्या पट्ट्यांचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. रक्तातून आलेल्या पांढऱ्या पेशी धमनीच्या भिंतीत घुसतात, चरबी गिळत सुटतात आणि शेवटी फेसाळ दिसायला लागतात, हे त्यांनी नोंदवलं. आज यांना फोम सेल म्हणतात आणि हृदयरोगाच्या कुठल्याही व्याख्यानात त्यांची स्लाईड असतेच. थर कुठेही बसत नाहीत, धमनीला फाटे फुटतात अशा जागांवर आधी बसतात, हेही त्यांनी पाहिलं. पुढे कोलेस्टेरॉल बंद केल्यावर त्यातली चरबी हळूहळू कमी होते, हेसुद्धा त्यांच्या प्रयोगशाळेत दिसलं. म्हणजे हे म्हातारपणासारखं एकाच दिशेने जाणारं नव्हतं!

१९१३ मध्ये हे जर्मन भाषेत प्रसिद्ध झालं. तेव्हा विज्ञानाची भाषा जर्मनच होती. खुद्द अनिचकोव्ह त्या काळात जर्मनीत फ्रायबुर्गला लुडविग आशॉफ या दिग्गज पॅथॉलॉजिस्टकडे काम करत होते. सगळं जुळून आलं होतं.

आणि १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. जर्मनी आणि रशिया एकमेकांच्या विरोधात. अनिचकोव्ह मायदेशी परतले आणि लष्करी डॉक्टर म्हणून युद्धाच्या कामाला लागले.

ससा म्हणजे माणूस नव्हे!

युद्ध संपलं, रशियात क्रांती झाली, सेंट पीटर्सबर्गचं पेट्रोग्राड झालं आणि पेट्रोग्राडचं लेनिनग्राड. १९२० पासून अनिचकोव्ह त्याच शहरात प्रयोगशाळा चालवत होते. पण बाहेरच्या जगात त्यांच्या कामाला कोणी फारसं हात लावत नव्हतं.

कारण इतर देशांतल्या शास्त्रज्ञांनी हाच प्रयोग उंदरांवर आणि कुत्र्यांवर करून पाहिला आणि त्यांच्या धमन्यांना काहीच झालं नाही. मग आक्षेप आला. ससा गवत खाणारा प्राणी. त्याने आयुष्यात कधी अंडं बघितलेलं नसतं. त्याला कोलेस्टेरॉल पाजलं तर बिघाड होणारच. माणसाशी त्याचा काय संबंध?

खरं सांगायचं तर प्रश्न अगदी रास्त होता. चूक झाली ती पुढे. उंदीर आणि कुत्र्यांच्या धमन्या स्वच्छ राहिल्या तेव्हा त्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल किती वाढलं होतं, हे कोणी नीट पाहायलाच गेलं नाही. हे प्राणी जादाच्या कोलेस्टेरॉलचं पित्ताम्ल करून ते बाहेर टाकण्यात तरबेज असतात. त्यांच्या रक्तात ते फारसं वाढतच नाही, तर धमनीत साचणार कुठून? १९४६ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी कुत्र्यांच्या थायरॉईडचं काम औषधाने मंदावलं आणि मग कोलेस्टेरॉल दिलं. रक्तातली पातळी चढली आणि कुत्र्यांच्या धमन्यांतही थर आले.

अनिचकोव्ह यांचा मुद्दा हाच होता. पोटात काय गेलं यापेक्षा रक्तात काय फिरतंय ते महत्त्वाचं. आणि त्यांनी सगळा दोष एकट्या कोलेस्टेरॉलवर टाकलाही नव्हता. रक्तदाब, धमनीच्या भिंतीची अवस्था, शरीरातले इतर बिघाड हे सगळं मिळून आजार होतो, पण कोलेस्टेरॉलशिवाय तो होत नाही, अशी त्यांची मांडणी होती. अंडी खावीत की नाही हे भांडण नंतरच्या लोकांनी लावलं. खाण्यातल्या कोलेस्टेरॉलने बहुतेक माणसांच्या रक्तातली पातळी सशाइतकी उसळत नाही. अमेरिकेने तर दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा २०१५ च्या आहार मार्गदर्शिकेतून काढूनही टाकली. पण त्यामुळे अनिचकोव्ह खोटे ठरले असं जे फॉरवर्ड फिरतं, त्यात दम नाही. ते रक्ताबद्दल बोलत होते.

स्टॅलिनच्या सावलीत

देशात मात्र अनिचकोव्ह चढतच गेले. १९३९ मध्ये विज्ञान अकादमीचे सदस्य झाले, १९४२ मध्ये स्टॅलिन पारितोषिक मिळालं, लष्करी वैद्यकीय सेवेत जनरलचा हुद्दा मिळाला. १९४६ मध्ये ते सोव्हिएत वैद्यकीय विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. झारच्या उपमंत्र्याचा मुलगा स्टॅलिनच्या राज्यात इतक्या वर गेला, ही साधी गोष्ट नव्हती.

पण त्या खुर्चीची किंमत होती. ओल्गा लेपेशिन्स्काया नावाची जुनी बोल्शेविक कार्यकर्ती दावा करत होती की पेशी ही पेशीपासूनच जन्मते हे चूक आहे, अंड्याच्या बलकातल्या निर्जीव पदार्थातूनही नवी पेशी तयार होते. हा दावा बिनबुडाचा होता. पण तिच्या पाठीशी सत्ता होती. मे १९५० मध्ये तिच्या कामाला मान्यता देण्यासाठी बैठक भरली, तेव्हा तिच्या बाजूने उभ्या राहिलेल्या बड्या शास्त्रज्ञांमध्ये अनिचकोव्हही होते. एकाच गोष्टीने फरक पडतो का हे तपासायला तेलाचे ससे वेगळे ठेवणारा माणूस इथे गप्पही बसला नाही, होकार देऊन आला. त्या काळात नकार दिलेल्यांच्या नोकऱ्या जात होत्या हे खरंय. तरी हा डाग धुतला जात नाही.

मग १९५३ साल उजाडलं. जानेवारीत डॉक्टरांनी सोव्हिएत नेत्यांना मारण्याचा कट केला असा आरोप जाहीर झाला. देशातले नामवंत डॉक्टर तुरुंगात गेले. आणि मार्चच्या सुरुवातीला स्टॅलिनलाच मेंदूत रक्तस्राव झाला. ५ मार्चला तो गेला.

त्याच्या शवविच्छेदनाच्या अहवालावर ज्यांची नावं होती, त्यात अनिचकोव्ह यांचं नाव होतं. अहवालात डाव्या मेंदूतल्या मोठ्या रक्तस्रावाबरोबर आणखी एक नोंद होती. धमन्यांमध्ये, विशेषतः मेंदूच्या धमन्यांमध्ये, चरबीचे थर साचून झालेला बिघाड. सशांच्या धमन्यांत ४० वर्षांपूर्वी जे बघितलं, तोच आजार देशाच्या सर्वोच्च नेत्याच्या मेंदूत. त्याच वर्षी अनिचकोव्ह यांचं अध्यक्षपद संपलं आणि पुढे ते लेनिनग्राडच्या प्रयोगशाळेतच रमले.

कॅलिफोर्नियातून आलेली साक्ष

दरम्यान अमेरिकेत वेगळंच घडत होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे चाळिशी-पन्नाशीतले पुरुष हार्ट अटॅकने पटापट जात होते. १९४८ मध्ये फ्रेमिंगहॅम या गावातल्या ५,२०९ लोकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवायची योजना सुरू झाली. कोणाला अटॅक येतो आणि कोणाला नाही, एवढंच शोधायचं होतं. पुढे १९६१ मध्ये त्यातून उत्तर आलं की रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब जास्त असलेल्यांना धोका जास्त.

त्याआधीच बर्कलीमध्ये जॉन गोफमन यांनी अनिचकोव्ह यांचे जुने ससे पुन्हा प्रयोगशाळेत आणले होते. गोफमन यांच्याकडे प्रचंड वेगाने फिरणारं अल्ट्रासेंट्रिफ्यूज यंत्र होतं. सशांचं रक्त त्यात फिरवल्यावर कोलेस्टेरॉल वाहणारे ते वेगवेगळे टेम्पो थराथरात वेगळे झाले. हार्ट अटॅक आलेल्या माणसांच्या रक्तातही त्यातले काही जास्त सापडले. १९५० मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि अनिचकोव्ह यांना जी मधली कडी दिसली नव्हती ती मिळाली.

तेव्हा अनिचकोव्ह ६४ वर्षांचे होते. शीतयुद्ध ऐन भरात होतं. पाश्चात्त्य डॉक्टरांना त्यांचं नाव आता नव्याने कळत होतं. १९५८ मध्ये एका अमेरिकन डॉक्टरने वैद्यकीय नियतकालिकात त्यांच्या कामाची तुलना थेट क्षयाचा जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉख यांच्याशी केली. कॉख यांना नोबेल मिळालं होतं. अनिचकोव्ह यांना ते कधीच मिळालं नाही.

७ डिसेंबर १९६४ रोजी लेनिनग्राडमध्ये अनिचकोव्ह यांचं निधन झालं. वय होतं ७९. बरोबर तीन दिवसांनी स्टॉकहोममध्ये नोबेल पारितोषिकांचा सोहळा झाला. त्या वर्षीचं वैद्यकशास्त्राचं नोबेल कोनराड ब्लॉख आणि फेओडोर लिनेन यांनी घेतलं. विषय होता, शरीर कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लं कशी बनवतं.

ससे परत आले

तरीही शंका घेणारे होतेच. कोलेस्टेरॉल जास्त असलेल्यांना अटॅक येतो हे मान्य, पण ते कमी केलं तर माणूस वाचतो का?

१९७३ मध्ये जपानमधल्या कोबे इथे योशिओ वातानाबे यांना एक ससा सापडला. त्याला कोणी कोलेस्टेरॉल पाजलेलं नव्हतं, तरी त्याच्या रक्तात जन्मतःच ते भरमसाट होतं. त्याच्यापासून वाढवलेल्या सशांमध्ये, साधं सशांचं खाणं खाऊनही, धमन्यांत थर आले. गवत खाणाऱ्याला भलतंच खायला घातलं म्हणून बिघडला, या आक्षेपाला इथे जागाच उरली नाही. अमेरिकेतले ब्राऊन आणि गोल्डस्टाईन त्याच वेळी काही माणसांमधला असाच आनुवंशिक दोष अभ्यासत होते. एलडीएलचा टेम्पो पेशीत उतरवून घेणारी जी गोदी असते, तीच या रुग्णांमध्ये बिघडलेली असते, हे त्यांनी शोधलं. असा दोष आई आणि वडील दोघांकडून मिळालेल्या मुलांना अगदी लहान वयात हार्ट अटॅक येतो. या कामाला १९८५ चं नोबेल मिळालं. वातानाबे यांच्या सशांमध्येही तीच गोदी बिघडलेली निघाली.

कोलेस्टेरॉल कमी करणारं औषधही जपानमधूनच आलं. अकिरा एंडो यांना एका बुरशीत तो पदार्थ मिळाला. त्यांनी तो उंदरांना दिला, तर उंदरांचं कोलेस्टेरॉल काही कमी होईना. पुन्हा उंदीरच आडवे आले! औषध कचऱ्यात जाणार, इतक्यात ते कोंबड्यांना देऊन बघायचं ठरलं. कोंबडी अंड्यासाठी भरपूर कोलेस्टेरॉल बनवते, तिच्यावर परिणाम दिसेल असा हिशोब होता. कोंबड्यांमध्ये ते उतरलं. याच कुळातलं लोव्हास्टॅटिन १९८७ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. आज कित्येक घरांत रात्रीच्या जेवणानंतर जी स्टॅटिनची गोळी घेतली जाते, ती याच कुळातली.

१९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या एका चाचणीचे निकाल जाहीर झाले. हृदयरोग आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल असलेले ४,४४४ रुग्ण. निम्म्यांना स्टॅटिन, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. पाच वर्षांहून थोड्या जास्त काळात स्टॅटिन घेणाऱ्यांमधले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. सूर्यफुलाच्या तेलातल्या कोलेस्टेरॉलचा तो जर्मन पेपर छापून आला, त्याला तेव्हा ८१ वर्षं झाली होती.